बर्फ, दोन लाद्या

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अकोल्याला होतं आणि यादी माझ्याकडे होती. आमच्याकडे कार्य कोणाचंही असलं तरी यादी माझ्याकडेच येते. पाठकोऱ्या कागदावर मी चार रकाने आखते: काय, किती, किती वाजता, कोणी. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा राहिला की काम सगळ्यांचं होतं, म्हणजे कोणाचंच होत नाही. त्या दिवशीच्या यादीत सव्वीस कामं होती. ती यादी अजून माझ्या कपाटात आहे. शाई पसरली आहे, एका कोपऱ्यावर गुलाबी डाग आहे, पण सतरावं काम वाचता येतं: बर्फ, दोन लाद्या, तीन वाजता, जवाई.

जवाई म्हणजे बहिणीचा नवरा; तो मला मोठ्या बाई म्हणतो. मार्च संपत आलेला, अकोल्याचं ऊन, साठ माणसांचा मठ्ठा. बर्फाचं काम मी मुद्दाम त्याच्याकडे दिलं होतं. तो विसरला तरी ऐनवेळी गावात बर्फ मिळतो. विसरलेल्या अंगठ्या मिळत नाहीत.

सव्विसावं काम मी कोणालाही दाखवलं नव्हतं. तिथे लिहिलं होतं: हसतो का. किती वाजता: चारच्या आत. कोणी: मी.

त्याचं असं झालं. आठ दिवसांपूर्वी भाचीचा फोन आला. ती नर्सिंग कॉलेजात शिकवते, दिवसभर बोलते आणि घरी आल्यावरही तिचं बोलणं संपत नाही. मुलगा अचलपूरजवळच्या एका गावात गुरांचा डॉक्टर. पाहणं झालं, पसंती झाली, मग दोघं फोनवर बोलू लागली.

"मावशी, मी बोलते, तो ऐकते," ती म्हणाली. "मी काही गंमत सांगतली का तिकडे एकदम शांत. मले वाटते लाइन कटली का काय. हॅलो हॅलो करा लागते."

"मंग नाही म्हण."

"नाही म्हणासारखं काही नाही न! नोकरी हाये, बोलणं सरळ हाये, कोणाची चुगली करत नाही. पण हासतच नाही व. मी जलमभर हॅलो हॅलो करत राहू का? तू पाहून सांग. तू थांब म्हटलं तं मी थांबीन, बाबाले मी पाहून घेईन."

पाहण्याच्या दिवशी मी कार्यालयाच्या तपासणीत अडकले होते, म्हणून मुलाला मी पाहिलेलंच नव्हतं. बायोडाटावरचा फोटो तेवढा माझ्या फोनमध्ये होता आणि बायोडाटावर कोणीच हसत नसतं. मी त्याची सगळी चौकशी केली होती. नोकरी, तब्येत, घर, व्यसन, सगळ्यासमोर बरोबरची खूण झाली होती. हसण्याची चौकशी कुठे करायची ते मला माहीत नव्हतं. म्हणून ते काम मी स्वतःकडे ठेवलं आणि पाहुण्यांना चारऐवजी तीनला बोलावलं. एका तासात माणूस एकदा तरी हसतोच, असा माझा हिशेब.

आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. बुद्धवंदना घ्यायची, दोन्ही घरांनी शब्द द्यायचा, अंगठ्या घालायच्या. तरी वेळ तर ठरवावीच लागते आणि ती मी ठरवते.

अमरावतीहून आम्ही बाराला निघालो. गाडी नवऱ्याकडे, यादी माझ्याकडे, मागच्या सीटवर भातकुलीहून आलेला निशिगंध आणि वंदनेसाठी इस्त्री केलेली माझी पांढरी साडी. बडनेरा मागे पडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. मूर्तिजापूरच्या पुढे ते एका बाजूनं जांभळं होत गेलं, पिकल्या जांभळासारखं, आणि हवा अशी थांबली की सडकेच्या कडेची कोरडी पानं होती तिथेच राहिली. पुढे वाऱ्यासकट पावसाची एक सर येऊन गेली होती, वाहनं थांबलेली होती. दोन ट्रक घसरून आडवे झाले होते आणि एक कडूनिंब सडकेवर आला होता. कोणाला लागलं नव्हतं. आम्ही काच खाली करून एवढं विचारतो आहोत तोच टपावर पहिला आवाज झाला.

आधी सुपातून ज्वारी ओतल्यासारखा. मग सुपाऱ्या. मग लिंबं. नवरा काहीतरी म्हणत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी घड्याळ पाहिलं: एक चाळीस. समोरचा ट्रक दिसेनासा झाला, सडक दिसेनाशी झाली, काचेबाहेर नुसतं पांढरं उभं कोसळत होतं. निशिगंधाचा वास गाडीत कोंडला. मी यादी छातीशी धरून बसले होते, जणू भिजेल. एक बावन्नला ते थांबलं.

आणि मग आवाज नव्हता. बारा मिनिटांच्या त्या धडधडीनंतर कानांना काही सापडेना. इंजिनं बंद, पाखरं गप, हॉर्न नाही. मी दार उघडलं, चप्पल खाली टेकवली आणि ती करकरत आत गेली. चार बोटं जाडीचा पांढरा थर पडला होता. सडक पांढरी, नाल्या पांढऱ्या, ट्रकवरच्या ताडपत्र्या पांढऱ्या. शेजारच्या पऱ्हाटीच्या शेतात वेचायचा राहिलेला शेवटचा कापूस आणि गारा यांत काय कोणतं ते कळत नव्हतं. सकाळपासून तापलेल्या काँक्रीटमधून वाफ निघत होती. ती गुडघ्यापर्यंत येऊन थांबली होती, त्यामुळे माणसं वाफेवर ठेवल्यासारखी दिसत होती. तुटलेल्या निंबाच्या पाल्याचा कडू ओला वास. मी अशी किती वेळ उभी राहिले सांगता येत नाही. घड्याळ हातात होतं, पण पाहायचं सुचलं नाही.

"अवं, तुही यादी," नवरा गाडीतून म्हणाला. "मुहूर्त असता तं टळला असता. यादी कशी टळन?"

"गप बसा हो," मी म्हटलं. मी हळू बोलले. सगळेच हळू बोलत होते.

आमच्या पुढच्याच गाडीतून एक मुलगा उतरला. निळा कोट, नवे बूट. तीन पावलं टाकली आणि दोन्ही पाय पुढे जाऊन तो बसला तो एकदम सपाट. गाडीतून एक म्हातारी ओरडली, "माय व माय! नवरदेव आडवा झाला!"

मुलगा उठला नाही. त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. लागलं असेल, रडतो आहे, म्हणून मी पुढे धावले. जवळ गेले तर आवाजच नाही. त्यानं मान वर केली. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, सगळा चेहरा कानापर्यंत पसरलेला. तो हसत होता. इतका हसत होता की त्याला श्वास घेता येत नव्हता आणि त्यातला चिमूटभरही आवाज बाहेर येत नव्हता.

चेहरा ओळखीचा वाटला. कुठे पाहिला ते मात्र आठवेना, कारण ज्या चेहऱ्याशी मी तो ताडून पाहत होते तो गंभीर होता.

एवढ्यात म्हातारी खाली उतरली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी साडी, पांढरे केस. त्या पांढऱ्या सडकेवर तिचं नुसतं सावळं तोंड आणि दोन हात फिरताना दिसत होते. "मी पोराची आत्या," तिनं मला न विचारता सांगितलं. "अचलपूरहून आलो. साक्षगंध हाये याचं, अकोल्याले. आन् हा पाहा, इथंच बसून घेतलं! तुमी कोठं जाऊन राह्यल्या बाई?"

"अकोल्याले," मी म्हटलं. "एक कार्यक्रम हाये."

मागून नवरा खोकला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी कधी खोटं बोलत नाही आणि हेही खोटं नव्हतं. चारच्या आत एक काम करायचं होतं, ते काम समोर गारांत बसलेलं होतं आणि मी कोण हे कळलं असतं तर ते उठून, कोट झटकून, माझ्या पाया पडून बायोडाटासारखं उभं राहिलं असतं.

गारांची मजा सांगताना वऱ्हाडात माणूस आधी आजूबाजूला पाहतो. आम्हीही पाहिलं. सडकेलगत टरबुजांची वाडी होती. वेलांची पानं चाळणीसारखी झाली होती आणि हिरवी टरबुजं जागोजागी फुटून आतलं लाल दाखवत होती. पांढऱ्यावर ते लाल फार सुंदर दिसत होतं, आणि ते सुंदर दिसतं आहे याची मला लाज वाटली. बांधावर वाडीवाली बाई उभी होती. पदराचं टोक तोंडात धरलेलं.

"परवा व्यापारी येणार होता," ती म्हणाली. एवढंच.

मी पर्समधून कोरा कागद काढला. "बाई, फोटो काढून ठेवू आधी. तलाठी येईन तोपर्यंत गारा राह्यणार नाहीत. एकेक तास पाहू, किती फुटले ते लिहू." तास म्हणजे ओळ, मी ओळी मोजायला लागले. निळ्या कोटाचा मुलगा न सांगता माझ्यामागे आला. त्यानं कोट काढून आत्याकडे दिला, पँट दुमडली आणि वेलांतून वाट काढत तो फुटलेली टरबुजं मोजू लागला. तिकडून काहीतरी सांगायचा, मला ऐकू यायचं नाही.

"मोठ्यानं बोला न!" मी म्हटलं.

त्यानं बोटं वर केली. सात. पुढच्या तासाला नऊ. मग त्यानं दोन्ही पंजे दाखवले आणि वर एक पाय उचलला. अकरा. आणि तोल जाऊन पुन्हा वेलांत बसला. पुन्हा ते खांदे.

वाडीवालीनं तोंडातला पदर सोडला. "हा असाच हासते काय व?" तिनं आत्याला विचारलं.

"लहानपणापासून," आत्या म्हणाली. "याच्या मायनं दवाखान्यात नेला होता. डाक्टर म्हणे आवाज हाये, बोलते, रडते चांगला जोऱ्यानं. मंग हासू कोठं जाते? म्हणे माहीत नाही. आमी म्हटलं जाऊ द्या, कोणाचं काही नेत तं नाही."

मी लिहायची थांबले. माझ्या हातातला कागद वाफेनं मऊ पडला होता.

मोजणी झाली, फोटो झाले, तिच्या मुलाच्या फोनवर पाठवले. बाई म्हणाली, "फुटलं ते फुटलं. उन निंगालं का आंबते. खा आता." तोपर्यंत ट्रकवाले, एका बसमधल्या बाया, पोरं, सगळी बांधाशी जमली होती. टरबुजं गारांत ठेवली होती आणि इतकी थंड झाली होती की दात शिवशिवत होते. भाव तिनं सांगितला नाही, कोणी विचारला नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं तिच्या डब्यात टाकलं आणि कोणी कमी टाकलं नसावं, कारण डबा बंद करताना तिला दाबावा लागला. मग आभाळ फाटून ऊन आलं. सगळी सडक एकदम पेटल्यासारखी चमकली. पोरांनी गारा एकमेकांच्या शर्टात टाकल्या. एका ट्रकवाल्यानं टपावर गारांचा बैल केला, त्याला टरबुजाच्या सालीची शिंगं लावली. पोळा पाच महिने आधी आला म्हणून बसमधल्या बायांनी त्याला ओवाळलं. मीही ओवाळलं. हातात ताट नव्हतं, टरबुजाची फोड होती.

माझे हात रसानं चिकट झाले होते, म्हणून जवाईला फोन नवऱ्यानं लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"हॅलो साडूभाऊ! अजी, बरफ पडला इथं!"

"पडला?" जवाईचा आवाज चिरकला. "किती पडला? एक लादी का दोनी?"

"लादी काय घेऊन बसले! रोडभर पडला, रोडभर!"

"आरे बाप्पा! पण तुमाले कोणं सांगतलं होतं आणाले? यादीत तं माहं नाव होतं न!"

"आणला कोणं? आपोआप पडला!"

"आपोआप कसा पडन? दोरी बांधली नसन. जाऊ द्या, उचला. धुवून घेऊ. मठ्ठ्यात कोणाले समजते?"

बांधावर जो हशा झाला तसा मी कधी ऐकला नाही. बसमधल्या बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. आत्या दोन्ही हातांनी कपाळ धरून बसली. आणि मुलगा फोनपासून एका हातावर होता, सगळ्यांत जास्त तोच हसत होता, वाकून, पोट धरून, डोळे पुसत.

"हॅलो?" तिकडून जवाई म्हणाला. "कोण कोण हासून राह्यलं तिथं?"

ज्यांचं हसणं त्याला ऐकू गेलं असेल त्यांत तो मुलगा नव्हता. मी फोनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. अशीच माझी भाची फोनवर गंमत सांगत होती, पलीकडे शांत होत होतं, आणि ती हॅलो हॅलो करत होती.

"साडूभाऊ, मोठ्या बाईले सांगू नका," जवाई पुढे म्हणत होता, "पण इथं सकाळपासून लाईट नाही. बर्फवाल्यानं हात वर केले, होता तेवढा बर्फ एका लग्नाले गेला. तुमी रस्त्यानं पाहा कोठं भेटला तं. आन् अचलपूरचे पाहुणे फोन उचलून नाही राह्यले. तुमाले दिसले का?"

"अचलपूरचे पाहुणे?" आत्या ताडकन उठली. "ते तं आमीच हाओ!" मग तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या कागदाकडे पाहिलं. "म्हंजे तुमी मावशी! यादीवाल्या मावशी! आन् घंटाभर झाला, मुक्यानं पाहून राह्यल्या?"

"पाहाले आली होती," मी म्हटलं.

"मंग? पास का नापास?"

"निकाल अकोल्याले."

मुलगा एकदम सरळ उभा राहिला, कोट शोधायला लागला आणि कोट आत्याच्या हातात आहे हे दिसल्यावर कोटाशिवायच माझ्या पाया पडला. बायोडाटा झाला होता. पण आता मला त्याची भीती नव्हती.

"धुवून घेऊ" हे जवाईचं बोलणं मात्र माझ्या डोक्यात राहिलं. सतरावं काम झालेलं नव्हतं. मी वाडीवालीला विचारलं, तिनं तीन पोती दिली आणि गोठ्यातलं कुटार दिलं. हरभऱ्याच्या त्या भुशात बर्फ टिकतो. आत्यानं साडीचा पदर कमरेला खोचला, कोणाचा तरी दुपट्टा घेऊन त्याची ओटी बांधली, कापूस वेचताना बांधतात तशी, आणि सगळ्यांना दरडावलं, "फावड्यानं नका ओढू, माती येईन. वरची वरची वेचा. दोन्ही हातांनं, पोट्टेहो! एक हात काय खिशात ठेवाले देला?" ती सोळाव्या वर्षापासून पऱ्हाटी वेचत आलेली. बसमधल्या बायांनाही सांगावं लागलं नाही. पाच-सात ओट्या बांधल्या गेल्या आणि त्या पांढऱ्या बांधावरून, उन्हात, वाफेत, बाया वाकून गारा वेचत पुढे सरकू लागल्या, न बोलता, हात मात्र पाखरांसारखे. वेचणीच्या शेतात जी लय असते ती आपोआप आली. मीही एका रांगेत होते. लहानपणी सुट्टीत मी वेचणीला जायची, ते तीस-पस्तीस वर्षांत आठवलं नव्हतं. बोटं बधिर झाली होती आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. बाजूच्या रांगेत मुलगा होता. आत्या त्याच्या दोन हात पुढे निघून गेली, वळून म्हणाली, "डाक्टर, म्हैस बी तुह्यापेक्षा लवकर वेचन!" आणि तो ओटीसकट खाली बसला.

झाड निघालं, ट्रक सरकले, सडक सुटली तेव्हा साडेचार वाजले होते. निघताना त्यानं वाडीवालीच्या बकरीचे कान, पाय तपासले; गारांचा मार बसला होता. काहीतरी लावायला सांगितलं, ते तिलाही दोनदा विचारावं लागलं.

अकोल्यात पोचलो तेव्हा सहा वाजले होते. तिथे एक गार पडली नव्हती. नुसती धूळ, वारा, आणि लाईट नाही. हॉलमध्ये वंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्या सगळ्याच पेटवल्या होत्या, खिडक्यांत, पायऱ्यांवर, खुर्च्यांच्या मध्ये. पांढरे कपडे घातलेली माणसं त्या पिवळ्या उजेडात हळू हळू फिरत होती आणि मला क्षणभर वाटलं, आम्ही अजून सडकेवरच आहोत. पोती सोडली. गारा निम्म्या झाल्या होत्या, सुपारीएवढ्या, कुटाराचा वास लागलेल्या. त्या पिण्यात घालू द्यायच्या नाहीत हे मी आधीच बजावलं होतं. मोठ्या घमेल्यात गारा, त्यांत मठ्ठ्याचं पातेलं. जवाईनं एक गार उचलली, मेणबत्तीसमोर धरली आणि म्हणाला, "मोठ्या बाई, हा बर्फ कोणत्या फॅक्टरीतला?"

आतल्या खोलीत भाची वाट पाहत होती. तिनं दार लावलं. बाहेरून वंदनेला बसायची हाक आली होती.

"मावशी, पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"हासते का?"

यादी माझ्या हातात होती, पण ते यादीत कसं लिहायचं ते मला सापडलं नव्हतं. "हासते," मी म्हटलं. "तुह्या सगळ्या गंमतीले हासला असन. फोनवर समजत नाही. त्याचं हासू ऐकाचं नाही व, पाहाचं असते. खांद्याकडे पाहा."

"खांद्याकडे?"

"पाहा तं."

तिनं फोन उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. मग म्हणाली, "आन् मी त्याले म्हणत होती, नेटवर्क खराब हाये तुमच्याकडे."

वंदना झाली. दोन्ही घरांनी शब्द दिला. अंगठ्या घालायच्या वेळेला जवाईनं उभं राहून उशीर झाल्याबद्दल पाहुण्यांची माफी मागितली आणि म्हणाला, सगळी तयारी वेळेत होती, फक्त बर्फ रस्त्यात पडला. हॉल हसला. आत्या सगळ्यांत मोठ्यानं. भाची हसणाऱ्यांकडे पाहत नव्हती. ती शेजारी पाहत होती, चेहऱ्याकडे नाही, थोडं खाली, निळ्या कोटाच्या खांद्याकडे. खांदे हलत होते. तिनं हात पुढे केला, अंगठी घालून घेतली, आणि मग एवढ्या जोरात हसली की वंदना घेणाऱ्या बौद्धाचार्यांनी चष्मा काढून पुसला.

ती आता त्याच्याशी बोलते तेव्हा कॅमेरा सुरू ठेवते. फोन जरा खाली धरा, असं त्याला सांगते.

दुसऱ्या दिवशी मी नवी यादी केली. लग्नाची. पहिलं काम: टरबूजवालीची पोती धुऊन, वाळवून परत. किती: तीन. किती वाजता: रविवारी सकाळी. कोणी, या रकान्यात मी त्या दोघांची नावं लिहिली, एकाच ओळीत.